एअर पिस्तुलाची कस्टम ग्रिप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर, भांडणासकट

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. ग्रिप, म्हणजे माझ्या हाताच्या मापानं करून घेतलेली पिस्तुलाची लाकडी मूठ, आज उत्तम आहे. ती बनवणाऱ्या काकांकडे मी लाकूडकाम पुन्हा देईन, ट्रिगरचं काम मात्र देणार नाही. पण आज हातात आहे ती दुसरी ग्रिप. पहिली कपाटात पडून आहे आणि तिच्यावरून आमचं अडीच महिने वाजत होतं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ साली स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतल्यापासून आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नवीन मुलं बरीच आलीत, आणि त्यांचे आईवडील मला सारखं विचारतात, "ताई, कस्टम ग्रिप करून घेऊ का?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

मी ४२ वर्षांची, दहा मीटर एअर पिस्तूल, सात वर्षं झाली. माझा हात लहान आहे. पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, त्यावर मूळची मीडियम मापाची ग्रिप. तर्जनी ट्रिगरवर कशीबशी टोकानं पोचायची, त्यामुळे दाबताना पिस्तूल डावीकडे ढकललं जायचं. टार्गेट बघितलं की डाव्या बाजूला आठ-नऊच्या रिंगमध्ये छऱ्यांच्या भोकांचा पुंजका. दोन वर्षं मी ती तंत्राची चूक समजून रोज ड्राय फायर (छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव) करत राहिले. मग एकदा आमच्या प्रशिक्षक सरांनी माझी मूठ नीट धरून बघितली आणि म्हणाले, "हा प्रश्न तुमचा नाही, लाकडाचा आहे."

बाहेरून मापाची ग्रिप मागवणं ड्युटी धरून परवडणारं नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारागिराचा नंबर मिळाला. त्यांच्या घरात बंदुकीचे दस्ते बनवायचं काम आधीपासूनचं. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप ९,५०० रुपये, ट्रिगरची सर्व्हिसिंग आणि हवेच्या सिलिंडरची ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून असते ती रबरी कडी) २,५००. सहा हजार आगाऊ यूपीआयनं दिले. सगळं बोलणं फोनवर. लिहून असं काही नाही, फक्त एका व्हॉइस मेसेजमध्ये त्यांचं एक वाक्य होतं: "अक्रोडाचंच होईल ताई, काळजी नको." तो मेसेज मी डिलीट केला नाही हे नशीब.

दोन महिन्यांनी ग्रिप आली. दिसायला इतकी देखणी की मी त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना दाखवली. तर्जनी आता पहिल्या पेराच्या मधोमध ट्रिगरवर बसत होती. पहिल्या आठवड्यात पुंजका मध्यावर सरकला. या भागाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. हाताचा नुसता कागदावरचा आराखडा आणि सहा फोटो बघून इतकं जमवणं हे खरंच कसब आहे.

खोट हळूहळू दिसायला लागली. आधी ग्रिप हलायला लागली. स्क्रू घट्ट करूनसुद्धा लाकूड आणि फ्रेमच्या मध्ये टार्गेटच्या कागदाची पट्टी सरळ आत जायची. पुंजका मध्यावर होता, पण पसरला. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटरची असते आणि त्यापुढची प्रत्येक रिंग आठ मिलिमीटरची, तेव्हा हातातलं लाकूड केसभर हललं तरी तिकडे आकडा बदलतो. मग मे महिना आला. एके दिवशी साठ शॉट संपवून हात पुसायला घेतला तर रुमाल तपकिरी झाला. तळहाताच्या रेषांमध्ये, अंगठ्याच्या बुडाशी, सगळीकडे रंग उतरलेला. अक्रोडाचा रंग घामानं असा सुटत नाही. मी पाम शेल्फच्या (तळहाताची खालची कड टेकते त्या लाकडी फळीच्या) खालच्या बाजूला, जिथं दिसत नाही तिथं, पॉलिशपेपरनं नखाएवढी जागा घासली. आत पिवळसर सागवान.

जूनमध्ये स्पर्धा होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये पिस्तूल एका पेटीत बसवून बघतात. आतलं माप ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर. मग नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून उचलतात. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. माझं पिस्तूल पेटीत गेलंच नाही. पाम शेल्फ रुंद होतं. तिथल्याच एका मैत्रिणीनं व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावला, ५३.२ आलं. ट्रिगरचं वजन तर टेबलावरून नीट उठायच्या आतच टक् असा आवाज झाला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, स्क्रू फिरवून वाढवा, पुन्हा या. स्क्रू फिरेना. चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घालून कुणीतरी त्याची खाच पार खाऊन टाकली होती. मूळची ग्रिप मी घरी ठेवून आले होते. त्या दिवशी मी क्लबचं पिस्तूल घेऊन उभी राहिले. नेहमीपेक्षा सव्वीस गुण कमी.

त्या रात्री मी काकांना एक लांबलचक मेसेज पाठवला, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तीच. चौदा मुद्दे एका दमात. रुंदी, हलणं, रंग, लाकूड, ट्रिगर, उशीर, फोन न उचलणं, अंगठ्याखाली बोचणारी कड, सगळं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: "अंगठ्याखाली तुम्हीच एम-सील लावलंय फोटोत दिसतंय. तुम्ही हात लावल्यावर माझी जबाबदारी नाही."

खरं होतं ते. मे महिन्यात कड बोचत होती म्हणून मी तिथं थोडं एम-सील थापलं होतं. नेमबाजांमध्ये हे सर्रास चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण भांडणात समोरचा माणूस चौदातल्या सगळ्यात लंगड्या मुद्द्यालाच धरतो आणि बाकीचे तेरा बाजूला पडतात. पुढचा महिना आम्ही फक्त एम-सीलवर भांडलो. सागवानाचा विषयसुद्धा निघाला नाही!

यातून सुटका झाली ती सरांच्या सांगण्यामुळे. ते म्हणाले, तुमच्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, आधी ती निवडा. मी कागद घेऊन बसले. ग्रिप हलणं आणि स्क्रूची खाच खाणं हे वाईट काम. रुंदी ५३ होणं हा गैरसमज, कारण पेटीचं माप मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना माहीत असेल असं मी धरून चालले होते. आणि अक्रोड सांगून रंगवलेलं सागवान देणं ही फसवणूक. वाईट कामाला दुरुस्ती मागायची, गैरसमजाचा खर्च वाटून घ्यायचा, आणि फसवणुकीला पैसे किंवा वस्तू परत, त्यात तडजोड नाही. बोचणारी कड, उशीर, फोन, हे मी यादीतून काढूनच टाकलं. ते खरं असलं तरी त्यानं माझीच बाजू पातळ होत होती.

कायद्याचंही बघून ठेवलं, कारण पुढं काय आहे ते माहीत असल्याशिवाय ठाम बोलता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे घेऊन केलेलं असं काम ही सेवा आहे आणि त्यातली खोट ही सेवेतील त्रुटी. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कारागिराच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. बिल न देणं हीसुद्धा याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, आणि मला बिल मिळालं नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवला. पण केस केली नाही. बारा हजारांच्या कामासाठी आयोगाच्या तारखा सांभाळायच्या तर माझा हंगाम गेला असता. शिवाय मला पैशांपेक्षा ग्रिप हवी होती, आणि माझ्या हाताची ग्रिप करू शकणारा माणूस मला माहीत असलेला एकच होता.

जाता जाता एक सांगते. आपली ४.५ मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअर पिस्तुलं परवान्याशिवाय चालतात, त्यामुळे ती उघडायला कुणीही तयार होतं. पॉइंट टू-टू (.२२) बोअरचं किंवा कुठलंही अग्निशस्त्र असेल तर गोष्ट वेगळी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. समोरच्याचा परवाना डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि हत्याराचा नंबर लिहिलेली पोच घेतल्याशिवाय ते हातातून सोडू नका, ओळखीचा माणूस असला तरी.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एसटीनं काकांच्या गावी गेले. सोबत पिस्तूल, मूळची आणि काकांनी केलेली अशा दोन्ही ग्रिपा, व्हर्नियरचे फोटो छापून घेतलेले, आणि फक्त तीन ओळी लिहिलेला एक कागद. फोनवर तावातावानं बोलणारा माणूस दारात उभा राहिल्यावर आधी चहाच विचारतो. मी त्यांना एम-सीलचं स्वतःहून सांगितलं: ती जागा सोडून द्या, ते माझं. मग कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, स्वतःचा व्हर्नियर काढला आणि पाम शेल्फला लावला. ५३.२. दुसऱ्या जागी लावला. ५२.९. कागदाची पट्टी फटीत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. नंतर म्हणाले, "पेटीचं मला कुणी बोललंच नाही हो."

"माझी चूक. पण पट्टी आत जातेय ते?"

"ते बसवताना राहिलं. ते माझं."

लाकडाचा विषय काढल्यावर मात्र बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी व्हॉइस मेसेज लावायला मोबाइल काढला, पण लावला नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं की त्या वेळी अक्रोडाचा ठोकळा मिळाला नव्हता आणि माझी घाई होती. यावर मी आवाज न चढवता पण स्पष्ट बोलले: मिळालं नाही हे सांगितलं असतं तर मी थांबले असते, किंवा सागवानाचे पैसे देऊन सागवानच घेतलं असतं. हे त्यांना लागलं, दिसत होतं. मला ते बोलताना बरं वाटलं नाही, पण बोलायलाच हवं होतं.

ठरलं ते असं. नवी ग्रिप अक्रोडाची, लाकूड आणि मजुरी दोन्ही त्यांची. ठोकळा मला आधी दाखवायचा, कापलेल्या बाजूनं. रुंदी ४९.५ च्या वर नाही. ट्रिगरचे २,५०० परत मागितले, १,५०० मिळाले. स्क्रू मी दुसरीकडे बदलून घेतला. ओ-रिंग महिन्याभरात पुन्हा गळायला लागली होती, ते त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. माझ्याकडेही काही पुरावा नव्हता, सोडून दिलं. हे सगळं एका कोऱ्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवला.

आता दुसऱ्या ग्रिपबद्दल. अकरा महिने, अंदाजे पंधरा हजार शॉट, एक अख्खा पावसाळा. कागदाची पट्टी कुठूनही आत जात नाही. जुलैच्या दमट हवेतही लाकूड फुगलेलं जाणवलं नाही. सगळ्यात रुंद जागी ४९.१ मिलिमीटर, आणि दोन स्पर्धांमध्ये पेटीतून विनाअडथळा गेली. पाम शेल्फचा स्क्रू दोनदा सैल झाला, आता मी दर रविवारी बघते. मधल्या बोटाखाली पकड यावी म्हणून लाकडावर केलेली खरखरीत टोचणी थोडी गुळगुळीत झालीय, ती वर्षभरात पुन्हा करावी लागेल. महिन्यातून एकदा जवसाचं तेल, अगदी दोन थेंब, कापडानं. घामानं रंग सुटत नाही. माझी सरासरी ६०० पैकी ५४५ च्या आसपास होती, ती ५५६ वर आलीय. सगळं श्रेय लाकडाला देणार नाही, या वर्षी मी सरावही जास्त केला. पण डावीकडचा पुंजका गेला तो गेलाच.

ज्यांना असं काम द्यायचंय त्यांनी मापं आधी लिहून द्या, मिलिमीटर आणि ग्रॅममध्ये; "हातात बसली पाहिजे" हे माप नव्हे. लाकडाचा ठोकळा कापण्याआधी बघा. पिस्तूल देण्याआधी प्रत्येक स्क्रूचा जवळून फोटो काढा, मी काढला असता तर त्या खाचेवर वादच झाला नसता. काम चुकलेलं वाटलं तर कानस, एम-सील, पॉलिशपेपर कशालाही हात लावू नका, आधी दाखवा. मूळची ग्रिप स्पर्धेच्या बॅगेतच ठेवा. आणि ट्रिगर लाकूडकाम करणाऱ्याकडे देऊ नका, तो कितीही चांगला असला तरी.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला होता. एका मुलाच्या ग्रिपचं काम आलंय, पेटीचं माप पुन्हा एकदा सांगा म्हणाले. मी तिन्ही आकडे सांगितले आणि लिहूनही पाठवले.

पहिली ग्रिप मी टाकलेली नाही. घासलेली जागा, एम-सील, सगळं तसंच आहे. रंगवलेलं सागवान आणि अक्रोड शेजारी ठेवून ज्यांना बघायचंय त्यांनी सांगा, रविवारी सकाळी रेंजवर येताना बॅगेत टाकून आणेन.