‘प्युअर मॅग्निफिकम’च्या नावाखाली माझे 23,700 रुपये गेले, नाशिककरांनो सावध व्हा

हिशोब आधी लिहिते. ‘अँथुरियम मॅग्निफिकम’ या मखमली पानांच्या शोभेच्या झाडाची, शुद्ध जातीची म्हणून एका नर्सरीवाल्याने विकलेली दोन रोपं प्रत्येकी 9,500 प्रमाणे 19,000 रुपये. ‘दुसऱ्या मदर प्लँटचे’ (ज्यापासून रोपं करतात त्या मूळ झाडाचे) ‘परागकण’ म्हणून बटरपेपरमध्ये गुंडाळलेली पुडी 3,500. लॅमिनेट केलेलं ‘शंभर टक्के प्युअर स्पेसीज’ सर्टिफिकेट 1,200. एकूण 23,700. त्यातले 7,000 यूपीआयने आगाऊ दिले, बाकी 16,700 रोख, त्याच्या नर्सरीत त्याच्याच टेबलावर मोजून. पावती ‘नंतर पाठवतो’. ती आजपर्यंत आलेली नाही. माझी भिशी लागली होती, ते सगळे पैसे यात गेले.

त्याने ते कसं गळी उतरवलं, हे सांगत बसत नाही. मदर प्लँटचा तोच फोटो, ‘शेवटचे दोन पीस आहेत ताई’, ‘पुण्याची पार्टी उद्या येतेय’, आणि वर ‘बियांपासून रोपं केलीत की मीच 1,500 ला एक परत घेतो’. झाडं विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलंय.

आता मुद्द्याचं. अँथुरियम मॅग्निफिकम आणि अँथुरियम क्रिस्टलिनम या दोन वेगळ्या जाती. दोन्हींची पानं मोठी, मखमली, बदामाच्या आकाराची, शिरा पांढरट. दोन्ही कोलंबियात सापडतात. त्यांचा संकर सहज होतो आणि तोच संकर कधी या नावाने, कधी त्या नावाने बाजारात खपवला जातो. पानावरून ओळखायला गेलात तर फसाल. क्रिस्टलिनमच्या शिरा जास्त ठसठशीत, मॅग्निफिकमचं पान जरा ऑलिव्ह झाकेचं, हे खरं. पण ऊन, खत, पानाचं वय यांनी रंग इतका बदलतो की त्यावर पैसे लावू नयेत.

देठ बघा. क्रिस्टलिनमचा देठ गोल असतो. मॅग्निफिकमचा चौकोनी, आणि कोपऱ्यांवर पातळ पदरासारख्या धारा उठलेल्या. दोन बोटांत धरून फिरवलात की कडा असलेल्या पेन्सिलीसारखा अडखळतो. संकराचा देठ मधला असतो. माझ्या दोन्ही रोपांना देठाच्या वरच्या बाजूला दोन पुसट रेघा, खालून गुळगुळीत गोल. कोल्हापूरच्या एका जुन्या संग्राहकांकडे खरं मॅग्निफिकम हातात घेतलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अंधारातसुद्धा बोटांना कळेल इतका फरक आहे.

मी नवखी नाही. लॉकडाऊनपासून गच्चीवर शेडनेट आणि फॉगर लावून झाडं करते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मखमली पानांची अँथुरियम जगवणं सोपं नाही, ते मी करून दाखवलंय. देठाचं मी त्याला तिथेच विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘ताई, रोप लहान आहे, धारा नंतर भरतात.’’ कोवळ्या रोपात धारा पुसट असू शकतात, हे अगदीच खोटं नाही, म्हणून मी गप्प बसले. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडणं फार अवघड असतं. आणि पान तर चांगलं वीतभर होतं! वीतभर पानाच्या रोपाला लहान कोण म्हणतं?

पण जे आठवून आजही झोप उडते ते वेगळंच. त्याच शेडमध्ये डाव्या हाताला ‘फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम’ या दुसऱ्या एका शोभेच्या झाडाची पाटी लावलेली एक पूर्ण रांग होती. सगळी झाडं मॉस स्टिकवर, म्हणजे शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर चढवलेली. आता ग्लोरिओसम ही जमिनीवर सरपटणारी जात आहे. तिचं खोड मातीलगत आडवं वाढतं आणि पानं वर उभी राहतात. काठीवर चढतो तो तिचा मेलॅनोक्रायसम या वर चढणाऱ्या फिलोडेंड्रॉनशी झालेला संकर, ज्याला ‘ग्लोरियस’ म्हणतात. त्याची पानंही जास्त लांबट. मी थांबले, बघितलं, विचारलंसुद्धा. ‘‘जागा वाचते ताई, म्हणून काठीला बांधलंय.’’ बांधलेलं नव्हतं हो, चढलेलं होतं! पेरापेरातून फुटलेली मुळं मॉसमध्ये रुतली होती, मी डोळ्यांनी पाहिली. त्या क्षणी मागे फिरले असते तर 16,700 रुपये पर्समध्येच राहिले असते. पण 7,000 आधीच दिलेले, ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ हे त्याने दोनदा बजावलेलं. आगाऊ रक्कम घेतात ती यासाठीच. आगाऊ देऊ नका. झाड हातात, देठ बोटांत, मग पैसे.

संकर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. जोमाने वाढतो, दिसतोही सुंदर. संकर म्हणून, संकराच्या किमतीला विका ना, मी आनंदाने घेईन. पण मी घेतलं होतं बी धरायला. फुलाच्या मधल्या कणसावर चिकट थेंब दिसायला लागले की मादी अवस्था, तेव्हा ती साडेतीन हजारांची पुडी ब्रशने फिरवली, फळं धरली, बी पेरलं. संकराच्या बियांतून येणारी रोपं एकसारखी येत नाहीत, कुणी आईकडे झुकतं, कुणी बापाकडे. ती मॅग्निफिकम म्हणून विकली असती तर पुढची फसवणूक माझ्या हातून झाली असती. माझे सासरे द्राक्षवाले. द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात ती डॉगरिजची खुंटरोपं घेताना नर्सरीवाल्याला फैलावर घेतात, कारण खुंट चुकला तर बाग चुकते. शोभेच्या झाडांत असं विचारणारा कुणी नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

आता सरकारी दारांचं ऐका. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. साहेबांनी अर्ज अर्धाही न वाचता विचारलं, ‘‘मॅडम, रोप मिळालं ना? जिवंत आहे ना? मग फसवणूक कसली?’’ मी म्हटलं, सोनं सांगून पितळ दिलं तर गुन्हा होतो की नाही? तर म्हणे, ते दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा. पोच मागितली तर ‘नंतर या’. मोबाइलमधले देठांचे फोटो दाखवले तर शेजारचा हवालदार हसला. कृषी कार्यालयात गेले तर ‘आमच्याकडे फळझाडांच्या कलमांचं बघतात, शोच्या झाडांचं नाही’. मग बघतं कोण? ‘ते सांगता येणार नाही.’ ओळखपत्रासारखं फोटो लावलेलं, शिक्का मारलेलं खोटं सर्टिफिकेट 1,200 रुपयांना विकलं जातं आणि त्याची दखल घेणारं एकही टेबल मला सापडू नये? एकाने तर सल्ला दिला, ‘‘जाऊ द्या ना ताई, झाडच आहे.’’ झाडच आहे! पैसे झाडाला लागतात का?

ग्राहक आयोगाबाबतही कुणीतरी घाबरवलं, की तुम्ही रोपं विकणार होतात म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धवट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी दाखल करतेय.

यूपीआय करताना शेऱ्यात जातीचं पूर्ण नाव लिहा. माझ्या 7,000 च्या शेऱ्यात ‘मॅग्निफिकम आगाऊ’ असं आहे, आज तेवढाच कागद माझ्या बाजूने बोलतो. रोख देऊच नका. फोटो मदर प्लँटचा नको, तुम्हाला मिळणाऱ्या त्याच कुंडीचा, देठ फिरवून दाखवणारा व्हिडिओ मागा. बियांचं रोप असेल तर आई कोण, बाप कोण, दोन्हींचे देठ दाखव म्हणा. टाळाटाळ केली की उठा. लेबलवर दोन नावांमध्ये × असेल तर तो संकर, आणि असं लिहिणारा विक्रेता निदान प्रामाणिक तरी आहे. ‘फोरगेटी’ (अँथुरियमचीच आणखी एक जात) म्हणून विकत असेल तर देठाजवळ पानाला खाच आहे का बघा. खऱ्या फोरगेटीला ती नसते, पान तिथे बंद असतं. सर्टिफिकेट नावाचं काही देत असेल तर तिथूनच परत या.

माझ्याकडची रोपं आता ‘क्रिस्टलिनम × मॅग्निफिकम’ याच लेबलखाली आहेत. ज्या दोघींना बियांची रोपं दिली होती त्यांना फोन करून लेबलं बदलायला लावली. नाशिक, ओझर, सिन्नर भागात कुणी मॉस स्टिकवरचं ‘ग्लोरिओसम’ किंवा सर्टिफिकेटवालं ‘मॅग्निफिकम’ घेतलं असेल तर आज देठ तपासा, कुंडीसकट फोटो काढा, पैशांचे स्क्रीनशॉट जपा आणि मला कळवा. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. माझा अर्ज तयार आहे, त्यात तुमची नावं जोडायची आहेत.