अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनजवळचं म्हातारं औषधांचं दुकान, आठ महिन्यांनंतर

पाचपैकी तीन स्टार. कापलेले दोन स्टार फोन आणि रांगेसाठी आहेत, गालिच्यासाठी नाहीत. हे आधीच सांगते कारण आमच्या ओळखीत या दुकानाचं नाव काढलं की जो तो गालिच्यावरच घसरतो.

मी इथे हौसेने गेले नव्हते. मागच्या उन्हाळ्यात घराजवळचं राइट एड हे औषधांचं दुकान बंद झालं (1962 ला स्क्रँटनला सुरू झालेली चेन, 2025 मध्ये आख्खी गुंडाळली) आणि माझी थायरॉईडची प्रिस्क्रिप्शन्स या दुसऱ्या चेनच्या ब्रँचला आली.

आत शिरलं की आपण नक्की कुठल्या साली आलो तेच कळत नाही. गालिचा मुळात हिरवा असावा, आता फक्त शेल्फखाली हिरवा आहे, चालायच्या वाटेवर चहाच्या फडक्याच्या रंगाचा झालाय. छताला पाणी मुरल्याचे पिवळे डाग, एक ट्यूब कायम फडफडते, आणि एका रांगेवर अजून 'फिल्म आणि कॅमेरा' अशी पाटी आहे, खाली मात्र कुत्र्यांचं खाणं. फोटो काउंटरवर 'एका तासात फोटो' लिहिलंय पण तिथे लोक फक्त दोन बाय दोन इंचाचा पासपोर्टचा फोटो काढायला येतात. कोपऱ्यात बीपीचं मशीन, त्याच्या निळ्या खुर्चीला चिकटपट्ट्या लावलेल्या. आई सांगलीहून आली होती तेव्हा दारातच म्हणाली, "अगं हे तर एसटी स्टँडचं कँटीन!" आणि मग रोज संध्याकाळी चालायला म्हणून याच कँटीनमध्ये येऊन त्या खुर्चीवर बसून बीपी बघायची, फुकट आहे म्हणून.

आता खरं कामाचं. हायवेवरच्या चकाचक ब्रँचमध्ये शाम्पूपासून डिटर्जंटपर्यंत सगळं प्लास्टिकच्या कुलपात, बटण दाबा आणि कोणीतरी किल्ली घेऊन येईपर्यंत उभे रहा. इथे फक्त रेझर आणि बाळाचं दूध कुलपात, बाकी उचला आणि चालू पडा. बहुतेक इथे ती कपाटं बसवायलाही कोणी पैसे घातले नसणार, पण फायदा आपलाच. टूथपेस्ट, बिस्किटं वगैरे मात्र इथे घेऊ नका, कॉस्टकोसारख्या घाऊक दुकानाच्या मानाने लूट आहे.

माझा जीव अडकलाय तो मागच्या काउंटरवरच्या फार्मसिस्ट बाईंमध्ये. तिसऱ्या महिन्यात माझा कोपे (इन्शुरन्स लावूनही आपल्या खिशातून द्यायची रक्कम) 15 डॉलर दिसला तर त्या स्वतःहून म्हणाल्या, इन्शुरन्स लावू नकोस, कूपनवर 11 ला बसेल. मला वाटलं त्या माझ्यावर मेहेरबानी करतायत. नंतर कळलं की आधी इन्शुरन्सच्या बऱ्याच करारांमध्ये फार्मसिस्टला हे गिऱ्हाईकाला सांगायलाच बंदी असायची, 2018 च्या कायद्याने ती उठली. म्हणजे सांगायची मुभा आहे, पण रांग दारापर्यंत गेलेली असताना थांबून सांगणारं माणूस वेगळंच. तुम्ही मात्र तोंड उघडून विचाराच, "कॅशने किती?"

आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा इथल्या डॉक्टरकडून लिहून घेतल्या. केशरी डबीत सुट्या गोळ्या बघून तिचा विश्वासच बसेना, "स्ट्रिप कुठंय, एक्स्पायरी कुठंय?" लेबलवर तारीख असते, बारीक अक्षरात. झाकण दाबून फिरवायचं, लहान मुलांना उघडू नये म्हणून, आणि तिची संधिवाताची बोटं, तिलाही उघडेना. बाईंनी साधं झाकण लावून दिलं. मागितलं तर मिळतं हे मला बारा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

सर्दीच्या गोळीचंही तसंच. शेल्फवर मिळते तिच्यात बहुतेक वेळा फेनिलेफ्रिन नावाचं औषध असतं, आणि 2023 मध्ये एफडीएच्या (औषधांवर देखरेख ठेवणारं इथलं सरकारी खातं) सल्लागार समितीनेच सांगितलंय की पोटात घेऊन त्याचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही. सुडोएफेड्रिनवाली चालते, पण ती काउंटरमागे, लायसन्स दाखवा, सही करा, मग घ्या, कारण तिच्यापासून मेथ हे नशेचं ड्रग बनवतात म्हणून 2006 पासून हा नियम. मी दोन सर्दी शेल्फवरच्या पाकिटांवर घालवल्या, तिसऱ्यांदा बाईंनी पाकीट हातातनं काढून घेतलं.

आणि आता कापलेले स्टार. फोन लावला की मशीन बोलतं, मग गाणं, मग परत मशीन, एकदा 34 मिनिटं धरून ठेवलं आणि कट. 'औषध तयार आहे' असा मेसेज येतो, जावं तर तयार नसतं, हे आठ महिन्यांत चारदा. दुपारी दीड ते दोन जेवणाची सुट्टी, शटर खाली (पुण्यात कॉलेज केलेल्या माणसाने यावर बोलू नये, तरी बोलते). बाई एकट्या, सोबत एक टेक्निशियन, आणि त्यांनीच लसी टोचायच्या, ड्राइव्ह-थ्रूची (गाडीत बसूनच औषध घ्यायची) खिडकी बघायची, फोनही उचलायचा. ऑक्टोबरमध्ये फ्लूच्या लसीच्या दिवसांत मी पन्नास मिनिटं उभी होते. राग येतो, पण त्यांच्यावर काढावासा वाटत नाही, वरती बसून माणसं कमी करणाऱ्यांवर काढावासा वाटतो आणि ते काही काउंटरला नसतात.

नवरा म्हणतो पोस्टाने मागव नव्वद दिवसांचं. थायरॉईडची गोळी मागवेन कदाचित. आई ऑगस्टमध्ये परत येतेय, परवाच फोनवर विचारत होती ती बीपीची खुर्ची आहे ना अजून. आहे. चिकटपट्टी नवीन लावलीये.