महोगनीच्या फळ्या: लाकडाला चार स्टार, वखारीला दोन

सागवान परवडेना आणि प्लायवूडचा कंटाळा आलेला, म्हणून पुण्यातल्या एका वखारीतून महोगनीच्या सात फळ्या आणल्या, पुस्तकांचं कपाट नि खाली चार ड्रॉवर करायला.

लाकूड रंध्याखाली इतकं मऊ जातं ना! सागातल्या सिलिकाने (वाळूसारखे बारीक कण) पात्याची धार पटकन जाते, इथे दुपारभर एकाच धारेवर काम झालं, लांबच लांब गुलाबी सालपटं. पण याचा ग्रेन, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, एका पट्ट्यात सुलटा आणि शेजारच्या पट्ट्यात उलटा असतो, चमक त्यामुळेच येते आणि खड्डेही त्यामुळेच पडतात, पहिल्याच फळीला मी दोन पाडले. मग मिस्त्री म्हणाले, "साहेब, पातं केसाएवढंच बाहेर ठेवा आणि रंधा तिरका मारा, तरी उपटलं तर पॉलिश पेपर आहेच."

खरा गुण म्हणजे नीट सुकलेलं असेल तर दमट हवेत फारसं फुगत नाही. अख्खा जुलै गेला, एकही ड्रॉवर अडकला नाही. गिटारच्या मानेला हे लाकूड उगाच नाही वापरत. फक्त छिद्रं मोठी आहेत, फिलर न भरता डायरेक्ट पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारू नका. आणि बाल्कनीत, पावसात वगैरे नकोच.

आता वखार. मालक 'इम्पोर्टेड आहे, इम्पोर्टेड आहे' करत होता, घरी बघतो तर दोन फळ्या फिकट, वजनाला हलक्या, कडेला पांढरं लाकूड, म्हणजे मला तरी कोवळ्या झाडाच्याच वाटल्या. पांढऱ्याला भुंगा लागतो म्हणून दीड इंच कापून टाकलं, पैसे मात्र पूर्ण फळीचे. खरी महोगनी म्हणजे स्विटेनिया, मध्य-दक्षिण अमेरिकेतली, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातली. बाजारात आफ्रिकेतली खाया पण महोगनी म्हणून मिळते (ती वाईट नाही, पण वेगळी), आणि फिलिपिन्सची लावन तर त्या कुळातलीसुद्धा नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पानाच्या महोगनीवर 2003 पासून सायटीसची (दुर्मिळ होत चाललेल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनं आहेत, त्यामुळे कोणी इम्पोर्टेड म्हटलं की कागद मागा. मी मागितले तर म्हणाला, "चहा घेणार का?"

अजून एक, उजेडाने रंग गडद होत जातो. बायकोने कपाटावर समई ठेवलेली, महिन्याने उचलली तर खाली फिकट गोल. आता समई दर आठवड्याला जागा बदलते.