निळीचा चुना की काव?

गोव्यात किंवा दक्षिण कोकणात जुने कौलारू घर दुरुस्त करून भिंतींना पुन्हा चुनाच द्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांची निवड बहुधा दोन रंगांवर येऊन थांबते: चुन्यात नीळ घालून केलेला निळा किंवा काव मिसळून केलेला तांबडा. पांढऱ्याचा मोह आवरतो, कारण पोर्तुगीज अमदानीत शुभ्र रंग चर्चसाठीच राखलेला असे, असे सांगतात. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये आजही भिंती रंगीत आणि खिडक्यांच्या चौकटींभोवतीचे पट्टे पांढरे दिसतात. १९६१ साली राजवट संपली तरी संकेत टिकून आहे.

निळ्या भिंतीकडे डास आणि वाळवी फिरकत नाहीत ही समजूत आपल्याकडे आहे, आणि जोधपूरच्या निळ्या घरांविषयीही असेच काहीसे ऐकायला मिळते. ताजा चुना बुरशीला सहजी थारा देत नाही, हे खरे. त्यात निळीचा वाटा कितपत, याविषयी मला शंका आहे. दिसायला मात्र पावसाळ्यानंतरच्या हिरवाईत निळ्या घराला तोड नाही, हे मान्य करायलाच हवे.

कावेचा मान वेगळा आहे. देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन, तो खरवडून खालचा पांढरा उघडा करणारी कावी कला याच पट्ट्यातली. काव म्हणजे लोहाचे ऑक्साइड असल्याने ती उन्हात सहसा विटत नाही. टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला ती लागते, ही तक्रार रास्त आहे.

माझा निर्णय मात्र पागोळ्यांनी केला. जांभ्याच्या प्रदेशात पावसाळाभर अंगणातली तांबडी माती उडून भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत बसते, आणि निळ्यावर ते शिंतोडे इतके उठून दिसतात की श्रावणापर्यंत घर अनेक वर्षांचे ओसाड वाटू लागते. धुवावे तर चुना निघतो, वरून हात द्यावा तर नव्या बादलीतली निळी छटा जुनीशी जुळत नाही. कावेवर तीच माती उडते आणि दिसत नाही. खाली कावेचा पट्टा आणि वर निळा, हा मध्यममार्ग काही घरांना शोभतोही. पण दोन रंगांमधली रेघ दरवर्षी सरळ ओढणारा रंगारी हाताशी असेल, तरच तो विचारात घ्यावा.