पुण्यस्मरणाचं पॅकेज : छपाई त्यांची घ्या, मजकूर आपला न्या

लातूर, परभणी, नांदेडकडच्या प्रेसमध्ये वर्षश्राद्धासाठी हल्ली सगळं एकत्रच मिळतं: निमंत्रण पत्रिका, मंडपाचा फ्लेक्स, भिंतीवरची फ्रेम आणि वीस-चोवीस पानांची स्मरणिका. फ्लेक्स आणि फ्रेम ठीकच असतात. पत्रिकेत तेवढी तिथी गुरुजींकडून लिहून घ्या. तिथी दरवर्षी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते आणि मधे अधिक मास पडला तर १८-१९ दिवस पुढे सरकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ऑपरेटरने मागच्या वर्षीची तारीख तशीच टाकली तर तिथी एक, तारीख दुसरीच, असं होतं.

खरा विषय स्मरणिकेचा. छपाईला नावं ठेवायला जागा नाही. कव्हरला २५० किंवा ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद भारी) आर्ट कार्ड, त्यावर मॅट लॅमिनेशन, आत ८० जीएसएम मॅपलिथो आणि फोटोंच्या पानांना १३० जीएसएम आर्ट पेपर सांगितला की पुस्तिका हातात भरीव लागते. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीतच बसतात. १८ पानांचा मजकूर नेलात तर दोन पानं कोरी राहतात, नाहीतर तिथे मोराच्या पिसाचं चित्र येऊन बसतं. शे-दीडशे प्रतींना डिजिटल परवडतं, ५०० च्या पुढे ऑफसेट.

घोळ मजकुरात आहे. प्रेसकडे जीवनपट तयारच असतो: मनमिळाऊ स्वभाव, कष्टाळू वृत्ती, माळकरी, अतिथी देवो भव. नाव बदललं की झालं. गावातल्या तीन घरांच्या स्मरणिका शेजारी ठेवल्या तर तिन्ही आप्पा एकच वाटतात. ‘वै. ह.भ.प.’ (वैकुंठवासी हरिभक्तपरायण) सुद्धा सगळ्यांना सरसकट. वारकऱ्याला ‘वै.’ शोभतं. ज्याने आयुष्यभर विठ्ठलमंदिर झाडलं पण कीर्तनाला कधी उभा राहिला नाही, त्याच्यामागे ‘ह.भ.प.’ लावलं की गावातली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. त्यापेक्षा झाडलोट लिहा, ती जास्त मोठी आहे.

मजकूर घरीच करायचा तर साधनं गावातच असतात. सप्ताह कमिटीकडे पहाऱ्याची वही असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून कोण किती वाजता वीणा घेऊन उभा होता ते तिच्यात लिहिलेलं सापडतं. ‘धार्मिक वृत्तीचे होते’ यापेक्षा ‘सप्ताहात दुपारी २ ते ४ चा, कुणी घेत नाही तो पहारा यांचा’ हे वाक्य शंभर पट बोलतं. दिंडीचा विणेकरी किंवा चोपदार गाठा. आषाढीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर की दुसऱ्या दिंडीत, टाळकऱ्यांत की पाण्याच्या टँकरवर, तंबू ठोकायला की पंगतीत वाढायला, हे त्यालाच ठाऊक. कार्तिकातला काकडा, देवळाच्या देणगीचं पावतीपुस्तक, बहिणींच्या लेकरांना शिकायला घरी ठेवून घेतलं असेल तर त्यांची नावं, हे सगळं एका वहीत उतरवा. घरातल्या बायकांना अगदी वेगळं विचारा. सकाळी पहिला चहा कोण करायचं, औषधाची चिठ्ठी कोण सांभाळायचं, ते त्याच सांगतील.

तारखा मात्र कागदावरूनच. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर तो बहुधा गुरुजींनी टाकलेला. खरा जन्म नागपंचमीच्या की पोळ्याच्या आसपासचा, ते भावकीला विचारा. निजामाच्या काळातल्या कागदावर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. जिल्ह्याचीही गफलत होते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, जालना १ मे १९८१ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. लातूर त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, म्हणून तिथल्या १९७० च्या आदेशावर ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर ती चूक नाही, फेरफार जुळवताना तेच नाव शोधा.

आता प्रूफ. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट चालतात. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर त्यांत बदलून घेताना रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ मोडतात. म्हणून प्रूफ हाती आलं की आधी ‘वारकऱ्यांच्या’ हा शब्द शोधा. तो शाबूत असेल तर बाकीचं बरंच ठीक. प्रूफ व्हॉट्सअॅपवरच्या चित्रात वाचू नका, कागदावर काढून दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने. अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा आणि खाली छापलेलं संतांचं नाव जुळतं का तेही बघा. घरच्यांच्या नावांची यादी क्रमासकट लेखी द्या, लेकी-जावयांसह. ही यादी तोंडी दिली की भांडण ठरलेलं.

फोटोंचं काम पॅकेजमध्ये सगळ्यात घाईत उरकतात. ४×६ इंच छापायला किमान १२००×१८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुना प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. कृष्णधवल फोटो चार रंगांत छापला तर हिरवट किंवा गुलाबी झाक मारतो, तो ग्रेस्केलमध्येच लावायला सांगा. आणि पार्श्वभूमी कापून मागे मंदिर चिकटवू देऊ नका. पांढऱ्या टोपीचं टोक त्यात हमखास कापलं जातं. चेहरा ‘साफ’ करताना कपाळावरचा बुक्का डाग समजून पुसतात, गोपीचंदनाच्या रेघा फिक्या होतात. बुक्का राहू द्या असं प्रूफवर पेनाने गोल करून लिहा, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

वाटप कीर्तनाआधी नको. १० ते १२ कीर्तन, १२ ला पुष्पवृष्टी, मग पंगत उठताना हातात द्यावी. आधी दिलेल्या प्रती सतरंजीवर बसायला घेतात. पैसे देताना छापायची पीडीएफ आणि मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर मागून घ्या, दोन-चार महिन्यांत प्रेसवाल्याच्या संगणकावर ते सापडत नाहीत.