मुलांची प्रार्थना-वही: छापील पानं कमी, कोरी जास्त हवी होती

एक पान छापील, समोरचं कोरं, अशी ही मुलांसाठीची प्रार्थना-वही. सुनेने ऑनलाइन मागवली. कुठल्याही एका धर्माची नाही, हे चांगलं. मी नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे आधी कागदाविषयी सांगते. कागद पातळ आहे, स्केचपेन थेट मागच्या पानावर उतरतो. जलरंगांचं तर नावच नको. क्रेयॉन चालतात. बांधणी मात्र पक्की, वही सपाट उघडते. पालथं पडून चित्र काढणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली आहे.

वेष्टणावर ‘वय ४ ते १२’ असं वाचलं तेव्हाच शंका आली होती. चार वर्षांच्या मुलाचा देव आणि बारा वर्षांच्या मुलाचा देव एक कसा असेल? मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट हार्म्स यांनी ३ ते १८ वयाच्या हजारो मुलांना देवाचं चित्र काढायला सांगितलं होतं, त्याचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. अगदी लहान मुलांचा देव गोष्टीतल्यासारखा निघाला, शाळकरी मुलांचा पुष्कळसा माणसासारखा आणि मोठ्या मुलांची चित्रं ज्याची त्याची वेगळी. या वहीत मात्र सगळ्यांना एकच चेहरा दिलाय. दाढी, ढग, हसू, आत रंग भरा. पाच वर्षांच्या नातीने त्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोऱ्या पानावर तिने स्वतःचा देव काढला, डोक्यापेक्षा मोठ्या कानांचा. का, तर “सगळे एकदम बोलतात ना.” पाय नव्हते. मी त्यात काही गूढ शोधणार, तेवढ्यात लक्षात आलं की खाली पान संपलं होतं.

‘आज मी देवाचे आभार मानतो, कारण…’ या रिकाम्या जागा नऊ वर्षांच्या नातवाने एका बैठकीत भरून टाकल्या. आई, बाबा, सूर्य, पुन्हा आई. अक्षर थेट गृहपाठाचं. समोरच्या कोऱ्या पानावर मात्र बारीक अक्षरात लिहिलंय, “देवा, मी सॉरी म्हणणार नाही. आधी त्याने ढकललं.” (त्याने स्वतः दाखवलं आणि त्याला विचारूनच इथे लिहितेय.) मुलं देवाशी भांडतात, रुसतात, सौदेसुद्धा करतात. छोट्या नामदेवाने विठोबापुढे धरलेला हट्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि मुलांच्या हातात मात्र फक्त आभाराची वही देतो!

‘देवाला विचारा’ हा भाग सर्वांत जमलेला. ‘देवाला सगळं माहीत असतं का?’ या पानावर घरात बराच वाद झाला. जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांचा २००१ मधला एक प्रयोग याच प्रश्नाभोवतीचा आहे. डब्यावर चित्र बिस्किटांचं, आत खडे, आणि हे मुलांना उघडून दाखवलेलं. आईने उघडून न पाहता सांगितलं तर ती काय म्हणेल? आणि देव? तीन-चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं, दोघांनाही खडेच कळतील. पाच-सहाच्या पुढे बहुतेक मुलं म्हणू लागली की आई फसेल, देव नाही. आमच्याकडे डब्याऐवजी दादाचा लपवलेला खोडरबर होता. नातीचं मत असं: “आईला नाही कळणार. देवाला कळेल, पण तो चुगली करत नाही.” यावर नातवाने विचारलं, त्याला आधीच कळतं तर मग सांगायचं कशाला? मला उत्तर सुचलं नाही. वहीवाल्यांना बरं सुचतं! त्यांनी प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर उलटं छापलंय. मी त्यावर कागद चिकटवला.

ताऱ्यांचे स्टिकर नकोच होते. रोजच्या प्रार्थनेला एक तारा. लगेच प्रश्न आला, “आज दोनदा केली तर उद्याची चालेल?”

पण सर्वांत चुकीची गोष्ट म्हणजे आठवड्याच्या शेवटी असलेली ‘पालकांची सही’. लाँग, एल्काइंड आणि स्पिल्का यांनी १९६७ मध्ये मुलांच्या प्रार्थनेविषयीच्या समजुती मांडल्या. पाच ते सातच्या वयात ती कल्पना धूसर असते, सात ते नऊमध्ये प्रार्थना म्हणजे ठरलेलं काहीतरी करणं किंवा मागणं, आणि नऊनंतर ती देवाशी खाजगी बोलणं होऊ लागते. म्हणजे जे वय एकांत मागतं, त्याच वयाच्या वहीत सहीसाठी जागा! सुनेने त्या ओळींवर काळी पट्टी ओढली, तेव्हापासून नातू वही दप्तरात ठेवतो आणि आता दाखवत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही घेऊ नका, त्यांना जाड कोरे कागद द्या. मोठ्यांसाठी घ्यायची असेल तर स्टिकरचं पान आधी फाडा. पाचपैकी तीन तारे, तेही प्रश्नांच्या पानांना आणि बांधणीला.