आठ प्लगची जुनी होंडा सिटी: नाशिकमध्ये घेण्याआधी मागचे चार प्लग बघा

२००३ ते २००८ मधली होंडा सिटी, म्हणजे आधीची साधी आणि २००५ नंतरची झेडएक्स, एमएच १५ पासिंगमध्ये अजून सहज मिळते. त्यातलं १५०० सीसीचं आय-डीएसआय (एका सिलिंडरला दोन प्लगचं) इंजिन ७७ बीएचपीचं. आकडा छोटा असला तरी खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे, त्यामुळे द्वारका ते मुंबई नाका अशा तुंबलेल्या रस्त्यावर गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे, तो एक मोठा खर्च वाचतो. गाडी घेण्यासारखी नक्कीच आहे. मात्र या इंजिनाची दोन कामं गॅरेजमध्ये सर्रास टाळली जातात आणि जुन्या सिटीबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

पहिलं काम प्लगचं. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या आठ कॉइल. पुढचे चार हाताशी येतात. मागचे चार काचेच्या बाजूला दडलेले असतात. तिथे पोहोचायला वायपरचे हात, त्याखालचं प्लास्टिकचं पॅनल आणि वायपरची मोटर-लिंकेज काढावी लागते. म्हणून "प्लग बदलले" असं बिलावर असलं तरी संख्या बघा. चारच लिहिले असतील तर मागचे बहुधा जुनेच आहेत.

मागचा एखादा प्लग किंवा कॉइल मेला तरी त्या सिलिंडरचा दुसरा प्लग काम चालवून नेतो. गाडी बंद पडत नाही, चेक इंजिनचा दिवाही बहुतेक वेळा लागत नाही. फक्त २००० ते २५०० आरपीएमला चढावर झटके येतात, पिकअप मरतो, अॅव्हरेज घसरतं. मग पेट्रोलला दोष दिला जातो, इंजेक्टर साफ होतात, फरक पडत नाही.

खात्री अशी करा. इंजिन बंद करून पुढच्या एका कॉइलचा कनेक्टर काढा आणि पुन्हा चालू करा. आयडलिंग जेमतेम बदललं, तर त्या सिलिंडरचा मागचा प्लग जिवंत आहे. इंजिन स्पष्ट मिसिंग मारू लागलं, तर मागचा प्लग किंवा कॉइल गेली. असं चारही सिलिंडरला करा. मागचा कनेक्टर काढून पुढची बाजूही तशीच तपासता येते, पण त्यासाठी आधी पॅनल उघडावं लागतं. तपासणीत दिवा लागला, तर शेवटी स्कॅनरने कोड पुसा.

प्लग थंड इंजिनावरच बदला. गॅप १.० ते १.१ मिमी, आधी हाताने फिरवत न्या, मग १८ न्यूटन-मीटरला आवळा. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. वायपरचे हात पक्के बसले असतील तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, काच जाते. पॅनल उघडलंच आहे तर खालच्या पाण्याच्या वाटा साफ करा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा लगदा साचतो, आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी मागच्या कॉइलवर उतरू शकतं. त्र्यंबक-इगतपुरीकडे रोज जाणाऱ्याने हे जूनच्या आधीच करून घ्यावं.

दुसरं काम टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधला गॅप जुळवणं. या इंजिनाचे टॅपेट आपोआप जुळत नाहीत, स्क्रूने जुळवावे लागतात. पूर्ण थंड इंजिनावर इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून फीलर गेजने मोजा, मग क्रँक अर्धा-अर्धा फेरा फिरवत ३, ४, २ या क्रमाने जा. टकटक आवाज येतो तेव्हा गॅप वाढलेला असतो आणि मालक लगेच गॅरेज गाठतो. खरा धोका उलट बाजूला आहे: एक्झॉस्टचा गॅप कमी झाला की आवाज येतच नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. सीएनजी किटवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, म्हणून तिथे हे जास्त घडतं. पेट्रोलवर ४० हजार किमीला आणि सीएनजीवर २० हजारला हे काम कराच. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट सोबत नवं टाका.

बाकीचं सोपं आहे. ५डब्ल्यू-३० ऑइल फिल्टरसह साडेतीन लिटरच्या आसपास लागतं. ४ लिटरचा डबा पूर्ण ओतू देऊ नका, डिपस्टिक बघून थांबा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग वरखाली होतं. तेव्हा लाइट-एसी बंद ठेवून गाडी न्यूट्रलला ३००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत धरा, मग पाय काढून पाचेक मिनिटं तशीच चालू ठेवा. एसी लावल्यावर सीट थरथरत असेल तर आधी आरपीएम तपासा, मग इंजिन माउंटिंग. स्पीडब्रेकरवरची खडखड बहुधा लिंक रॉडची निघते. शॉकअॅब्सॉर्बर बदला म्हणणाऱ्याला आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश दाखवायला सांगा. रबराचे पेट्रोल पाइपही बघा, कारण ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

कागदांत एक गोष्ट अडते. या पिढीची सर्वांत नवी गाडीही १५ वर्षांच्या पुढे गेली आहे. पेठ रोडच्या आरटीओतून आरसीचं नूतनीकरण झालंय का, हरित कर भरलाय का, सीएनजीची नोंद आरसीवर आहे का आणि गॅस सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) चालू आहे का, हे टोकन देण्याआधी बघा.

सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरची) गाडी समोर आली तर पहिल्या दहा मीटरकडे लक्ष द्या. थांबून हळू निघताना गाडी थरथरली तर स्टार्ट क्लचची शंका घ्या. होंडाचंच सीव्हीटी ऑइल बदलून कधी सुधारतं, कधी नाही, त्यामुळे सुधारेल असं धरून भाव ठरवू नका. मॅन्युअल मिळत असेल तर तीच घ्या.